मावशीची फाईल पेठला गेली

माझ्या मावशीला काचेपलीकडचं बोलणं कळतं, हे नाशिकच्या तहसील कचेरीला भेंडीमुळे समजलं.

आम्ही दोघी खिडकीसमोरच्या रांगेत उभ्या होतो. काचेच्या आत, दोन टेबलं सोडून बसलेल्या एका साहेबांनी डबा उघडला आणि शेजारच्याला काहीतरी सांगितलं. मावशी माझ्या कानाशी वाकली आणि तिच्या मते अगदी हळू म्हणाली, "ते बघ, म्हणतायत, या आठवड्यात तिसऱ्यांदा भेंडी, घरी जाऊन विचारतोच आता." मावशीला ऐकू येत नाही. स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, त्यामुळे तिचं हळू बोलणं जिन्यापर्यंत जातं. रांग हसली. साहेबांचा घास हातातच राहिला. खिडकीतल्या मॅडमनी आधी साहेबांकडे, मग मावशीकडे बघितलं आणि मला विचारलं, "फाईल कर्णबधिर म्हणून आहे ना यांची?"

म्हटलं, झालं, आता सगळं पहिल्यापासून. "ओठ बघून कळतं हो तिला," मी घाईघाईनं म्हणाले. "सगळं नाही, निम्मं अंदाजानं."

"अंदाज बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "भेंडीच आहे."

मावशी नऊ वर्षांची असताना तिच्या डोक्यात ताप गेला आणि त्यात तिचे कान गेले. तोवर ती बोलायला शिकलेली होती, म्हणून बोलणं राहिलं. शाळा मात्र सुटली. पुढे पंचवटीतल्या एका टेलरकडे ती काज-बटण शिकली आणि चाळीस वर्षं ब्लाऊजला हुक आणि साड्यांना फॉल लावत आली. लग्न केलं नाही. माझ्या आईची ती धाकटी बहीण. मी झाले तेव्हापासून आमच्याकडेच होती. तिच्याशी बोलायचं तर आधी समोर जाऊन उभं राहायचं, हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे. आजही मी कुणाशी पाठमोरी बोलू शकत नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिताना मी एक अक्षरही बोलत नाही, याची वर्गातल्या मुलांना गंमत वाटते.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. मावशी तेव्हा छप्पन्न वर्षांची होती. सुईत दोरा ओवायला आता तिला मला हाक मारावी लागत होती. तिच्या एका गिऱ्हाईकबाईंनी सांगितलं की निराधार योजनेतून अपंगांना महिन्याला पेन्शन मिळतं. मला वाटलं, मावशी नको म्हणेल. ती स्वतःला अपंग म्हणवून घेत नसे. पण तिनं एकच प्रश्न विचारला, "माझ्या नावावर येईल ना? तुझ्या नाही?"

"तुझ्याच."

"मग भर फॉर्म."

आधी सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र हवं होतं. कानाच्या विभागाबाहेर बाकांवर बहिरी माणसं बसलेली, आणि दारातला माणूस नंबर ओरडून पुकारत होता. कुणी उठत नसे. पहिल्या अर्ध्या तासात मावशीच्या हे लक्षात आलं. ती दाराशी जाऊन उभी राहिली, त्या माणसाच्या तोंडाकडे बघून नंबर ओळखायला लागली आणि ज्याचा त्याचा कागद बघून त्याला खांद्याला धरून उठवायला लागली. दुपारपर्यंत त्या माणसानं ओरडणं सोडून दिलं. तो नुसते ओठ हलवायचा आणि बाकीचं मावशी बघायची.

मग तिचा नंबर लागला. काचेच्या छोट्या खोलीत बसवून तिच्या कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पलीकडे एक तरुण मुलगी मशीनची चकती फिरवत होती. मी बाहेरून बघत होते. मावशी भराभर बटण दाबत होती, एकही चुकवत नव्हती. इतकी वर्षं आमची काही चूक तर झाली नव्हती?

ती मुलगी बाहेर आली. "यांना तर चांगलं ऐकू येतंय."

मी मावशीला समोर घेऊन विचारलं, "तुला आवाज आला?"

"नाही."

"मग बटण का दाबत होतीस?"

"ती हात फिरवायची ना, तेव्हा दाबायचं." मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मंद आहे. "नापास झाले असते तर कागद कसा दिला असता त्यांनी?"

तिला वाटलं होतं ही परीक्षा आहे आणि पास झालं की पेन्शन. ती मुलगी आधी चिडली आणि मग हसत सुटली. पण तिनं 'ऐकू येतं' असा शेरा मारून ठेवला होता. त्यामुळे दुसऱ्या मशीनवर तपासणी करावी लागणार होती, त्यात बटण दाबायचं नसतं, झोपून राहायचं असतं. त्या मशीनची तारीख साडेतीन महिन्यांनी मिळाली. घरी येताना बसमध्ये, स्टॉप यायच्या आधी मावशी म्हणाली, "माझ्यामुळे लांबलं." मी तिच्या तळहातावर बोटानं लिहिलं, पहिला नंबर. लहानपणी तिनंच मला असं अक्षरं शिकवली होती. तिनं हात झटकला, पण हसली.

प्रमाणपत्र आलं, अर्ज गेला आणि आमच्या कचेरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझी शाळा सकाळची. सुटल्यावर घरून मावशीला घेऊन पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असायची. मग आवारातल्या कडुलिंबाखाली बसायचं. मावशी पिशवीत एखादी साडी आणायची आणि फॉल लावत बसायची. ती माझ्याकडे राहते, मग उत्पन्न कुणाचं धरायचं, असा पहिला प्रश्न निघाला. तिचं रेशनकार्ड वेगळं केलं. ते होईपर्यंत उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. नवा दाखला आणला तर निवडणूक लागली, आचारसंहितेत अर्ज मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होत नाही म्हणाले. निवडणूक संपली तर फाईल सापडेना.

मी घरी येऊन आदळआपट करायचे. मावशी कुकर लावायची. तिला वाट बघण्याचा राग येत नसे. लोक तिच्याकडे तोंड वळवून बोलतील याची वाट बघण्यातच तिचा जन्म गेला होता. उलट कचेरीत तिचा वेळ फार छान जाई. काचेमागे दहा-बारा माणसं, सगळी दिवसभर बोलणारी. कुणाची बदली, कुणाची सासू, कुणाच्या मुलाचा अकरावीचा प्रवेश, सगळं तिला ठाऊक. तिनं तिथेच सांगायला तोंड उघडलं की मी तिचा हात दाबायचे, म्हणजे आता नको, घरी सांग. भेंडीनंतर आम्ही ते ठरवलंच होतं.

फाईल हरवलेली असतानाच एका दुपारी मावशीनं माझा दंड धरला आणि मला थेट आवाराच्या फाटकाबाहेर ओढत नेलं. "कळलं! फाईल पेठला गेलीय."

"पेठला? दुसऱ्या तालुक्यात? कुणी सांगितलं?"

"मॅडम त्या शिपायाला सांगत होत्या. त्या बाईंची फाईल पेठला. मी नीट बघितलं."

विचारायला मी परत आत गेले तर खिडकी बंद झालेली. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, कचेऱ्यांना नव्हती. मी म्हटलं, उगाच महिना घालवण्यापेक्षा जाऊन बघू. सकाळची एसटी धरली. कोटंबीचा घाट लागला तशी मावशी खिडकीला नाक लावून बसली. याआधी आम्ही दोघी मिळून शेवटच्या कधी कुठे गेलो होतो, ते मला आठवेना. बहुधा माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला.

पेठच्या कचेरीत एक वयस्कर कारकून होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, आवक रजिस्टर काढलं, पानं मागे-पुढे केली. "नाय बाई. नाशिकचं कागद इकडं कशाला येतील? इकडचंच तिकडं जातंत." तरी त्यांनी एक गठ्ठा सोडून बघितला आणि पुन्हा बांधला. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा परतीच्या गाडीला वेळ होता. एका खानावळीत नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी आणि उडदाचं वरण खाल्लं. रस्त्याच्या कडेला बायका नागली आणि वरई विकायला बसल्या होत्या. मावशी एकीसमोर उकिडवी बसली आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा गोंधळलेला होता. "मला काही कळत नाहीये. इथले ओठ वेगळे हलतात."

ती बाई तिकडच्या डोंगरातली बोली बोलत होती. "मलाही निम्मंच कळतंय," मी सांगितलं.

"खरंच?" मावशीला मोठी गंमत वाटली. "म्हणजे आज आपण दोघी सारख्याच." त्या बाईला तिनं बोटांनी भाव विचारला, बाईनं बोटांनी सांगितला, दोघींची हातवाऱ्यांवर घासाघीस झाली आणि आम्ही तीन किलो नागली घेऊन घरी आलो.

पुढच्या फेरीत मी खिडकीत तक्रार केली की फाईल पेठलाही नाही. मॅडमनी डोळे विस्फारले. "पेठला कुणी सांगितलं तुम्हाला? फाईल इथेच आहे. मागच्याच वेळी गठ्ठ्यात खाली सापडली. मी शिपायाला म्हटलंही, त्या बाईंची फाईल भेटली म्हणून."

पेठला आणि भेटली. म्हणून बघा आरशासमोर. प, भ, म, सगळ्याला ओठ सारखेच मिटतात. मी मावशीला समजावून सांगितलं. ती क्षणभर ओशाळली, मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की काचेमागचे सगळे बघायला लागले. मॅडमही हसल्या. त्या दिवसापासून त्या आमच्याशी बोलताना मान वर करून, सावकाश बोलायच्या. फाईल मात्र होती तिथेच होती. बैठकीची तारीख ठरत नव्हती.

मॅडम तिशीच्या असतील. कामाला चोख, जरा कडक. पावसाळा संपताना एकदा त्या जेवणाच्या सुट्टीत खिडकीशीच बसून फोनवर बोलत होत्या. मावशी बाहेर बाकावर होती, मी पाणी आणायला गेले होते. परत आले तर मावशीच्या हातातली सुई थांबलेली.

"तिची मुलगी अडीच वर्षांची आहे," मावशी म्हणाली. या वेळी तिनं आपणहून मला लांब नेलं होतं. "बोलत नाही. मागून टाळ्या वाजवल्या तरी वळत नाही. घरचे म्हणतायत, आमच्यात मुलं उशिरानंच बोलतात."

"पेठसारखं तर नाही ना?"

"फोन खांद्याशी धरून टाळ्या वाजवल्या तिनं. ते काय चुकीचं वाचणार?"

मी म्हटलं, बिचारी. मावशी म्हणाली, "मी तिला सांगणार आहे." आणि आमचं भांडण झालं. मी तिला परोपरीनं सांगितलं की आपली फाईल त्यांच्या टेबलावर आहे. आता बोललीस तर त्यांना वाटेल कामासाठी गोड बोलतेय, नाहीतर दबाव आणतेय. काम होऊ दे, मग सांग.

"काम कधी होईल?"

"होईल एक-दोन महिन्यांत."

"हे तू मागच्या वर्षीपण म्हणालीस." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "माझे कान गेले तेव्हा घरात दोन महिने कुणाला कळलं नाही. हाक मारली तरी येत नाही, हट्टी झाली, म्हणून मी मार खाल्ला. तुझ्या आईनंसुद्धा मारलंय मला. मलाच कळत नव्हतं सगळे नुसतं तोंड का हलवतायत."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. आईनंही नाही.

तोंडानं सांगितलं असतं तर अख्ख्या कचेरीला ऐकू गेलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं माझ्या वहीचं पान फाडून घेतलं आणि तिच्या त्या मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं, "बाई, मुलीचे कान तपासा. थांबू नका. मी काही मागत नाही." चिठ्ठी पोचपावतीच्या घडीत घालून तिनं खिडकीतून आत सरकवली.

मॅडमनी वाचली. कानापर्यंत लाल झाल्या. "तुम्ही माझं घरचं बोलणं चोरून ऐकता?"

मावशीला ते दिसलं. "ऐकत नाही. दिसतं," ती म्हणाली.

"पुढचे कोण?" मॅडम म्हणाल्या.

पुढचा महिना मी फार वाईट काढला. मावशीवर चिडले नाही, पण रोज वाटायचं, फाईल आता गठ्ठ्याच्या तळाशी गेली असणार. पुढच्या खेपेला खिडकीत दुसरंच कुणी होतं. मॅडम रजेवर. त्याच्या पुढच्या खेपेला आम्ही कडुलिंबाखाली बसलेलो असताना त्या स्वतः बाहेर आल्या. मावशीच्या अगदी समोर, जमिनीवर पर्स ठेवून त्यावरच बसल्या.

"दोन्ही कानांना मशीन लागणार आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत." मावशीनं सुई-दोरा बाजूला ठेवला, त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि थोपटत राहिली.

थोड्या वेळानं त्या माझ्याकडे वळल्या. "एक सांगायचंय. तुमची फाईल मी दुसऱ्या टेबलाला दिलीय. आता मी हात लावला आणि लवकर झाली तर लोक बोलतील. मलाही ते बरं वाटणार नाही."

"कुणाच्या टेबलाला?" मी विचारलं.

त्या उठून पर्स झटकायला लागल्या. "भेंडीवाल्या साहेबांच्या."

ते साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांचं टेबल कचेरीत सगळ्यात उंच होतं, फायलींमुळे. शिवाय त्यांच्या घरी लग्न निघालं. आमचे आणखी तीन महिने गेले. मी घरी पातेली आपटत म्हटलं, "चांगलं केलं त्याचं हे फळ!" मावशी म्हणाली, "बरोबरच केलं तिनं. मी लिहून दिलं होतं ना, काही मागत नाही म्हणून?"

त्या तीन महिन्यांत मॅडम मुलीला घेऊन रविवारी आमच्याकडे यायला लागल्या. मुलगी गोल चेहऱ्याची, दांडगट. नवी मशीनं दर पाच मिनिटांनी कानातून उपसून फेकायची. मावशी फरशीवर मांडी घालून तिच्यासमोर बसायची आणि आईला दटावायची, "आधी तिच्यासमोर ये. खाली बस. तिनं बघितलं की मग बोल. पाठीमागून बोलायचं नाही, अगदी भांडतानासुद्धा नाही." मुलगी मावशीची हनुवटी दोन्ही हातांनी धरून तिच्या तोंडात डोकावून बघायची, आवाज कुठून येतो ते शोधत असल्यासारखी. मावशीचा मोठा, सपाट आवाज तिला फार आवडायचा. बहुतेक तो तिला सगळ्यांत स्पष्ट ऐकू येत असावा. नागलीचे लाडू दोघी मिळून खायच्या आणि मी आणि मॅडम स्वयंपाकघरात कचेरीबद्दल एक शब्दही न काढता चहा प्यायचो.

शेवटी बैठक झाली. यादी लागली. मावशीचं नाव यादीत दुसऱ्या पानावर होतं, तिनं ते बोटानं धरून माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पहिला हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला त्या दिवशी ती मला शाळेतून थेट बँकेत घेऊन गेली. नवीन साडी नेसली होती, फॉल अर्थात घरचाच.

कॅशिअर खाली बघूनच बोलत होता. "सही की अंगठा?" त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीनं बोटानं काउंटरवर दोनदा ठोकलं.

"वर बघून बोला," ती म्हणाली. सगळ्या बँकेला ऐकू गेलं.

त्यानं वर बघितलं. "सही करणार का, मावशी?"

"करणार."

तिनं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही सावकाश, एकेक काना-मात्रा देऊन लिहिली. मागे रांग खोळंबली होती. कुणी काही बोललं नाही, आणि बोललं असतं तरी तिची पाठ होती तिकडे.

बाहेर आल्यावर तिनं मला चहा पाजला. मी पाकीट काढलं तर माझा हात बाजूला सारला. येताना बसमध्ये दोघींचं तिकीटही तिनंच काढलं.